धक्क्याचा आकडा

काटेवाले काकांना 'अंदाजे' हा शब्द शिवीसारखा लागायचा. कुणी "अंदाजे अर्धा तास लागेल" म्हटलं, की यांच्या कपाळावर आठ्या पडल्याच. का नाही पडणार? अडतीस वर्षं माणसाने खडीच्या खाणीबाहेरच्या वजनकाट्यावर काढली होती. भरलेला ट्रक फलाटावर चढायचा, ड्रायव्हर कचकन ब्रेक मारायचा, आणि काट्याची सुई अशी उसळायची की बघणाऱ्याला वाटावं, बाबाने अख्खा डोंगर भरून आणला की काय! मग ती मागे यायची, पुन्हा पुढे जायची, जराशी डुलायची आणि शेवटी एका जागी गप्प उभी राहायची. तोवर ड्रायव्हर खिडकीतून बोंबलत असायचे, "अहो लिहा की साहेब, इथेच मुक्काम करू का?" काका चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "काटा बसू दे. उसळलेला आकडा खोटा, बसलेला खरा." हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने काट्याच्या खोलीच्या भिंतीवर रंगवलंही होतं. रंगाला ओघळ आले होते, पण अक्षर सुरेख होतं.

असा माणूस जनरेटर घ्यायचा म्हणून दुकानात जाऊन 'एक बरासा द्या' म्हणेल? नाव नको! निवृत्त झालेले काका आठवडाभर हातात भिंग घेऊन स्वतःच्याच घरात फिरले. फ्रिज पुढे ओढून मागची पाटी वाचली. पाण्याच्या पंपापाशी पालथे पडून आकडे टिपले. शेवटी मागच्या अंगणात एसीच्या बाहेरच्या युनिटपाशी आले. घरात सेंट्रल एसी होता. छतातून पत्र्याचे डक्ट सगळ्या खोल्यांत गेलेले, आणि बाहेर हे कपाटाएवढं धूड, त्याच्या पोटात कॉम्प्रेसर. त्याच्या पाटीवर दोन आकडे होते. एक सोळा अँपिअर, चालू असतानाचा. दुसरा चौऱ्याऐंशी, सुरू होतानाचा. चौऱ्याऐंशीकडे बघून काका चक्क हसले. हा तर आपला जुना ओळखीचा, ब्रेक मारल्यावर उसळणारा! त्यांनी वहीत सोळा लिहिलं.

बेरीज साडेपाच किलोवॅटच्या आत आली. थोडी जागा वर सोडली, की साडेसहाचा जनरेटर पुरे. काकांनी बेरजेखाली दोन रेघा मारल्या आणि फोन केला.

जनरेटरवाली दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून आली. पस्तिशीची बाई, खिशाखिशातून पेचकस डोकावताहेत, कमरेला चिमट्यासारखं तोंड असलेलं मीटर लटकलेलं. तिने वही उभ्याउभ्याच वाचली आणि मान डोलावली. "काका, अशी यादी मला आजवर कुणी दिली नाही. लोक सांगतात, 'सगळं चालेल असा द्या.' पण हे नुसतं वजन झालं. मोटार सुरू होताना झटका मारते, तो यात कुठाय?"

"झटका किती वेळ टिकतो?" काकांनी विचारलं.

"अर्धा सेकंदसुद्धा नाही."

"मग तो कसला आकडा? मॅडम, माझी हयात गेलीय काट्यापुढे. उसळी लिहायची नसते."

"काट्यावर नसेल लिहायची. पण तुमच्या काट्याखाली जमीन होती, काका. इथे खाली एवढंसं इंजिन आहे. त्याला त्या अर्ध्या सेकंदातच एसी उचलायचा असतो. नाही उचलला, तर पुढचे सोळा अँपिअर बघायला ते जागंच नसणार." तिने घरात एक नजर टाकली. "नाहीतर असं करा. एका खोलीत छोटा एसी बसवा. साडेसहा त्याला लीलया चालवेल."

"एक खोली चालणार नाही," काका तुटकपणे म्हणाले. का, ते काही बोलले नाहीत.

ती मागच्या खोलीत डोकावली. खिडकीपाशी चादरीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. तिने चादरीचं टोक उचललं. मोटर लावलेलं शिलाई मशीन होतं. "हे यादीत नाही."

"ते बंद असतं."

जनरेटरवालीने वही परत केली. वाद घालून उपयोग नाही, हे तिने ओळखलं असावं. "बरं. रविवारी साडेसहाचाच आणते ट्रायलला. काही गोष्टी माणसाने सांगण्यापेक्षा मशीननेच सांगितलेल्या बऱ्या."

आता एक खोली का चालणार नाही, ते ऐका. शिलाई मशीन होतं काकूंचं. शाळेचे गणवेश शिवायच्या त्या, गल्लीतल्या निम्म्या पोरांची मापं त्यांना तोंडपाठ. दोन-अडीच वर्षांपूर्वी एका दुपारी स्वयंपाकघरात त्यांचा डावा पाय एकदम ढिला पडला. ओट्याला धरून त्या कशाबशा उभ्या राहिल्या. "अहो, पाय गेल्यासारखा झाला हो." काकांनी वर्तमानपत्रातून मान वर करून बघितलं. काकू उभ्या होत्या. "थांब जरा, येईल ठिकाणावर," ते म्हणाले, आणि खरंच आला. महिन्याने पुन्हा तसंच झालं, पुन्हा पाय ठिकाणावर आला. मग एकदा नजर धूसर झाली, तीही तासाभराने निवळली. आठ महिने हे असंच चाललं, आणि दर वेळी काका एकच वाक्य म्हणत राहिले. शेवटी लेक आली, तिने आईला भिंत धरून चालताना बघितलं आणि तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे. अंग तापलं की पाय ऐकणार नाहीत, गारव्यात आलं की बरंचसं परत येईल. आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "पहिल्यांदा झालं तेव्हाच यायला हवं होतं."

एसी तेव्हा बसवला. सगळ्या घरात, कारण काकूंनी बजावलं होतं, "मला एका खोलीत कोंडाल तर याद राखा. मी काय फ्रिजमधलं औषध आहे?" बरं चाललं होतं. पण गेल्या उन्हाळ्यात दुपारची वीज जायला लागली. एकदा तर सलग चार तास गेली. त्या दिवशी काकूंना खुर्चीतून उठता आलं नाही, काकांना त्यांना उचलता आलं नाही, आणि दोघं शेजारी बसून ओल्या पंच्याने एकमेकांना पुसत राहिले. संध्याकाळी लेक गाडी घेऊन आली. "थोडे दिवस नेते," म्हणाली. तिच्या शहरात वीज जात नव्हती. त्या थोड्या दिवसांचे आठ महिने झाले होते. रोज सकाळी काका दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचे.

लेकीची अट एकच होती. वीज गेल्यावर घर गार राहतंय हे डोळ्यांनी बघेन, मगच आईला पाठवेन. रास्तच होतं म्हणा. काकांनी तिला फोन लावला. "रविवारी आईला घेऊन ये. भर दुपारी मेन स्विच पाडून दाखवतो." ही गोष्ट जनरेटरवालीला सांगायची त्यांना गरज वाटली नाही. एवढी दोन रेघा मारलेली बेरीज हातात असताना कसली गरज?

रविवारी ऊन असं होतं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. जनरेटरवालीने जनरेटर जोडला आणि ती घाम पुसत वळते तो काय, फाटकातून लेक आत येतेय आणि तिच्या दंडाला धरून काकू! जनरेटरवालीचा चेहरा पडला. ती काकांच्या कानाशी येऊन पुटपुटली, "काका, अहो पाहुणे आहेत तर आज नको, आपण परत कधीतरी..."

"पाहुणे कसले? घरची माणसं आहेत. करा सुरू."

काकू बैठकीच्या खोलीत आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या. किती बारीक झाल्या होत्या! पण डोळे तेच, मिश्कील. लेकीने पर्समधून छोटं थर्मामीटर काढून टेबलावर ठेवलं. काकांनी एखाद्या समारंभाला फीत कापावी तसा मेन स्विच पाडला. घर गप्प झालं. मग अंगणात जनरेटर घरघरला, दिवे लागले, पंखे फिरले, फ्रिज गुणगुणायला लागला. "बघ!" काका म्हणाले. काकू हसल्या. आणि मग बाहेर एसीने खट्कन आवाज केला.

जनरेटर कण्हला. दुसरा शब्दच नाही त्याला. दिवे पिवळे झाले, लाल झाले, पंख्यांचा वेग उतरला, आणि धाडकन सगळं बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काकांनी स्वतः जाऊन बटण दाबलं, आणि या वेळी जनरेटरच बंद पडून बसला.

शांततेत काकू म्हणाल्या, "अहो, तुमच्या मशीनचेही पाय गेले की."

त्यांनी हे अगदी गमतीने म्हटलं होतं. पण काकांचा चेहरा पडला, आणि लेकीच्या मनात इतके दिवस दाबून ठेवलेलं उसळून वर आलं. "पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं का हो बाबा? या ताईंनी काही सांगितलं नव्हतं?"

काकांनी खाली मान घातली. "सांगितलं होतं. पण तो आकडा टिकत नाही गं. अर्ध्या सेकंदात बसतो."

"बसतो!" लेकीचा आवाज चिरकला. "आईचा पाय पहिल्यांदा गेला तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात. येईल ठिकाणावर. आठ महिने म्हणत राहिलात! तुमचं सगळं खरं, फक्त समोरचं माणूस पडलं ते खोटं. चल आई."

  काकांनी मेन स्विच परत वर केला, तेवढा एकच त्यांना करता येण्यासारखा उद्योग उरला होता. लेक आईला गाडीपर्यंत घेऊन गेली. काकूंनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "मशीनवर धूळ बसली असेल माझ्या. पुसून ठेवा." गाडी गेली.

काका अंगणातल्या पायरीवर बसून राहिले. जनरेटरवाली वायरी गुंडाळत होती. 'मी सांगितलं होतं' म्हणायला तिची जीभ रेटली नाही. उलट तीच रडवेली झाली होती. "मला सांगायचं तरी होतं काका, काकू येणार म्हणून. हा डबा आणलाच नसता मी."

"तो झटका मोजता येतो?" काकांनी विचारलं.

"येतो की." तिने कमरेचं मीटर काढलं. युनिटच्या वायरीला चिमट्यात पकडलं, एक बटण दाबलं. "हे बटण दाबलं की हे फक्त उसळी पकडतं आणि धरून ठेवतं. मग आकडा कितीही खाली बसू दे." तिने एसी चालू केला. खट्. मीटरवर एक्क्याऐंशी येऊन थांबलं. कॉम्प्रेसर केव्हाच सुरळीत चालू लागला होता, तरी मीटरवर एक्क्याऐंशीच.

काका त्या आकड्याकडे बघत राहिले. अडतीस वर्षांत किती ट्रक आले असतील? प्रत्येकाची उसळी त्यांनी डोळ्यांनी बघितली होती आणि प्रत्येक वेळी मुद्दाम डोळे मिटून घेतले होते. तिथे ते बरोबरच होतं. काट्यावर उसळी लिहिली असती तर खाणवाल्याने हाकलून दिलं असतं. पण घरात स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून बायको उभी होती, ती काय खडीचा ट्रक होती? उभी राहिली म्हणून सगळं बरं आहे असं धरलं. ती पडायला आली होती, हा आकडा लिहिलाच नाही.  त्यांनी खिशातून वही काढली आणि जन्मात पहिल्यांदा उसळलेला आकडा लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलं.

"पोरी," ते म्हणाले, मॅडम बिडम सगळं विसरून, "सगळं पहिल्यापासून मोजू. जे जे सुरू होतं ते सगळं."

पुढचे दोन दिवस त्या घरात जो काही तमाशा चालला, तो बघायला तिकीट लावलं असतं तरी गल्ली जमली असती. जनरेटरवाली बोर्डापाशी मीटर धरून उभी, आणि काका या खोलीतून त्या खोलीत धावताहेत. "पंप!" काका ओरडायचे, बटण दाबायचे. "एकवीस!" ती ओरडायची. "बाप रे! चालू असताना साडेतीनच खातो हा लबाड!" मग फ्रिज. मग डक्टमधून हवा ढकलणारा पंखा. काकांनी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून दोन रकाने केले, डावीकडे 'बसलेला', उजवीकडे 'धक्का'. शेवटी ते मागच्या खोलीत गेले, चादर काढली, मशीन स्वच्छ पुसलं, अगदी सुईच्या खाचेतलीही धूळ फुंकून काढली, आणि पायाचं पेडल दाबलं.

"काही विशेष नाही," जनरेटरवाली बाहेरून म्हणाली. "दोन. मग अर्धा. हे नाही लिहिलं तरी चालेल, काका."

"लिहायचंय," काका म्हणाले. नव्या यादीत ते त्यांनी सगळ्यात वर लिहिलं.

तिनेच मग मार्ग काढला. वीस किलोवॅटचं धूड आणायची गरज नव्हती, ते दिवसभर निम्म्याहून कमी कामावर घरघरत बसलं असतं आणि आतून काजळून गेलं असतं. कॉम्प्रेसरला तिने सॉफ्ट स्टार्टर बसवला. मोटारीला एकदम न ढकलता हात धरून उठवतं, असं ते एक छोटं खोकं. खट् आवाज झाला आणि मीटरवर एक्क्याऐंशीच्या जागी एकतीस आले. पंप आणि एसी एका वेळी सुरू होऊ नयेत अशी जोडणी केली, आणि दहाचा जनरेटर अंगणात सिमेंटच्या चौथऱ्यावर कायमचा बसवला. आता वीज गेली की तो आपोआप सुरू होणार होता. "एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "दिवे लगेच येतील, पण एसी तीन मिनिटं येणार नाही. आतला दाब उतरल्याशिवाय कॉम्प्रेसरला उठवलं तर तो अडतो. ती तीन मिनिटं मीच टायमरला सांगून ठेवलीत. घाबरायचं नाही, आणि बटणं तर मुळीच दाबायची नाहीत!"

"म्हणजे कधी थांबायचं तेही कळलं पाहिजे," काका म्हणाले.

"तेच तर सगळं आहे ना, काका."

जनरेटर बसला, पण फोन करायला काकांना आणखी तीन दिवस लागले. नंबर काढायचा, ठेवायचा. एकदा तर लागलेला फोन त्यांनी कापला. चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही कप टेबलावर तसेच ठेवून त्यांनी लेकीला फोन लावला. जनरेटर कितीचा, धक्का किती, सगळं बोलायची तयारी केली होती, पण तोंडातून निघालं भलतंच. "तू त्या रविवारी म्हणालीस ते खरं होतं. माझ्यामुळे आठ महिने गेले तिचे. मी बघितलं होतं गं, आणि तरी लिहिलं नाही. मला माफ कर असं म्हणत नाही, तुझ्या आईला विचारायचंय ते मी तिला विचारीन. तुला फक्त चुकलो एवढं सांगायचं होतं."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "जनरेटर कुठला घेतलात?"

"दहाचा. सॉफ्ट स्टार्टर लावून. धक्का एकतीस."

"शुक्रवारी मला सुट्टी आहे," लेक म्हणाली. "पण आईला राहायला आणतेय असं समजू नका. बघू आधी."

शुक्रवारी त्या दोघी अकराला आल्या. काकांनी जनरेटरवालीला दोनला बोलावलं होतं, रीतसर ट्रायल करायला. काकू खुर्चीत बसल्या, चहा झाला. काकांनी नवी वही त्यांच्या हातात दिली. काकूंनी डोळे बारीक करून पहिली ओळ वाचली आणि वर बघितलं. "शिलाई मशीन? हे कधी चालतं आता?"

"चालेल," काका म्हणाले. "म्हणून लिहिलंय."

काकूंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि त्यावरून बोट फिरवलं. तेवढ्यात पंखा मंद झाला, फ्रिज गप्प झाला, डक्टमधला वारा थांबला. काकांनी काही केलं नव्हतं. खरीखुरी वीज गेली होती, आणि जनरेटरवाली यायला अजून अडीच तास होते!

दहा सेकंदांत अंगणात जनरेटर घरघरला. दिवे आले, पंखे आले. एसी आला नाही. लेकीने थर्मामीटर टेबलावर ठेवलं. एक मिनिट झालं. काकांच्या कपाळावर घाम आला, तो उकाड्याचा नव्हता. "तीन मिनिटं थांबायचं असतं," ते म्हणाले. लेकीने मान डोलावली, पण तिचे डोळे दाराबाहेरच्या गाडीकडे गेले होते. दुसरं मिनिट. काकांचे हात बोर्डाकडे जायला शिवशिवत होते. त्यांनी ते मांड्यांखाली दाबून धरले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. काकूंना ते दिसलं आणि त्या गालातल्या गालात हसल्या.

बाहेर खट् झालं.

दिवे पापणी लवावी तेवढे लवले आणि पुन्हा उजळले. जनरेटरचा आवाज जरा जड झाला, मग एका सुरात आला. छतातल्या जाळीतून आधी कोमट, मग गार वारा काकूंच्या केसांवर आला. काकांचा जीव भांड्यात पडला. "आला!" ते ओरडले. "आला गं, आला!"

"आला हो आला, बहिरी नाही मी," काकू म्हणाल्या. "बघू, माझं मशीन कसं पुसलंयत ते." आणि खुर्चीचे हात धरून त्या उठल्या.

उठल्या, दोन पावलं टाकली, आणि तिसऱ्याला डावा गुडघा किंचित लचकला. अगदी किंचित. लेकीला तर तो दिसलासुद्धा उशिरा, ती वळेपर्यंत काकूंचा तोल सावरलाही असता. पण काका थांबले नव्हते. त्यांनी मध्येच असलेलं स्टूल लाथेने उडवलं होतं, दोन्ही हातांनी काकूंना धरलं होतं, आणि त्यांची वही जमिनीवर उघडी पडली होती.

"अहो, पडत नव्हते मी! येत होता पाय ठिकाणावर."

"येऊ दे की," काका म्हणाले.  "पण यापुढे मी बघत उभा राहणार नाही."

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.  मग आपला सगळा भार त्यांच्या हातावर टाकला, आणि दोघं मागच्या खोलीकडे निघाली, काकू सांगत होत्या की इतकं करकचून धरू नका, हाडं मोडतील.

लेक जागची हलली नाही. तिने टेबलावरचं थर्मामीटर उचललं, न वाचताच पर्समध्ये टाकलं. मग ती बाहेर गाडीपाशी गेली, डिकी उघडली आणि सकाळीच भरून आणलेली आईची मोठी बॅग उचलून घरात घेऊन आली.